वीस सिटिंगचं पॅकेज घेऊ नका, आधी एवढं वाचा

तासगावच्या भाऊंनी विचारलंय की द्राक्षाच्या छाटणीच्या धावपळीत कंबर धरली, तीन आठवडे झाले, औषध मारायच्या ब्लोअरच्या ट्रॅक्टरवर बसवत नाही, आणि सांगलीत एकानं कायरोप्रॅक्टिकचं (हातानं मणक्यांना झटका देऊन करायचा उपचार) वीस सिटिंगचं पॅकेज सांगितलंय पैसे आधी भरून, तर घ्यावं का आणि वडलांची मान पण दाखवावी का.

भाऊ, मी विटा-सांगली रोज बाईकनं करून कंबरेची वाट लावून घेतलेला माणूस आहे, त्यामुळं सगळे दरवाजे वाजवून झालेत. गावात आधी पायाळू माणसाकडून कंबरेला लाथ मारून घेतली (हसू नका, आईच्या हट्टापुढं कोण बोलणार), मग हाडवैद्याचा लेप, मग मिरजेत फिजिओ, आणि नंतर पुण्यात एका कायरोप्रॅक्टरकडं.

त्या कायरोप्रॅक्टरनं पहिल्या दिवशी कडकड काही केलंच नाही, अर्धा तास नुसतं विचारलं, मग पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलून बघितला, टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि मगच कुशीवर वळवून कंबरेला एक झटका दिला. आवाज आला कट्‌कन. मला वाटलं मणका जागेवर बसला. तर तेच म्हणाले की मणका कुठं गेलाच नव्हता, सांध्यातल्या पाण्यात गॅसचा फुगा तयार होतो त्याचा तो आवाज, बोटं मोडल्यासारखा, आणि आवाज नाही आला तरी फरक पडत नाही. रीलमध्ये माईक लावून ऐकवतात ना, तो नुसता देखावा.

ही पद्धत १८९५ साली अमेरिकेत आयोवामधल्या डेव्हनपोर्टला डॅनियल डेव्हिड पामरनं सुरू केली. त्याचं म्हणणं होतं की जवळजवळ सगळे आजार मणके सरकल्यामुळं होतात. ते काही टिकलं नाही, त्यामुळं शुगर, दमा, पोट असलं कुणी मणक्यातून बरं करतो म्हणाला तर चप्पल घाला आणि निघा. पण साध्या कंबरदुखीला मात्र हातानं केलेल्या या उपचाराचा थोडाफार फायदा होतो हे खरं आहे, अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ ला ताज्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर यांच्या रांगेत हे पण धरलं. थोडाफार म्हणजे थोडाफारच हं. ताजी उसण बऱ्याच जणांची काहीच न करता पण चार-सहा आठवड्यांत उतरते, मग श्रेय ज्याच्याकडं शेवटी गेलो त्याला जातं, माझ्या आईच्या मते अजून पायाळूलाच.

आता पॅकेज. तुम्हाला एक्सरे दाखवून मणका सरकलाय, गॅप कमी झालाय असं घाबरवलं असणार, मला पण एका ठिकाणी तसंच करून आगाऊ पैसे घेतले होते आणि सहाव्या सिटिंगनंतर मी गेलोच नाही, पैसे बुडाले. अहो, कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय तपासले तर विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांत डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) फुगलेली दिसते, ऐंशीच्या घरात ८४ टक्के. म्हणजे फोटोवरून घाबरण्यात अर्थ नाही, तुम्हाला होतंय काय ते महत्त्वाचं. जायचंच असेल तर चार ते सहा सिटिंग, दर वेळचे पैसे दर वेळी, आणि तेवढ्यात वाकणं-बसणं सुधारलं नाही तर बंद. आणि डिग्री विचारा सरळ, लाजू नका. आपल्याकडं कायरोप्रॅक्टरची वेगळी सरकारी कौन्सिल नाही, दोन दिवसांचा वर्कशॉप करून पण लोक बोर्ड लावतात. व्यायाम न शिकवता नुसता झोपवून मोडणारा असेल तर माझ्या लेखी तो सलूनमधल्या मान मोडणाऱ्यापेक्षा फार वेगळा नाही.

पण त्याआधी एक बघा. जांघेत किंवा बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी अडकणं किंवा कळत नसताना होणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काही असेल तर कायरो, फिजिओ कोणीच नको, त्याच दिवशी मिरजेला मोठ्या दवाखान्यात. ताप, वजन उतरणं, आधी कॅन्सर झालेला, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हे असेल तरी आधी डॉक्टरच.

वडलांचं वेगळं. या वयात हाडं ठिसूळ असू शकतात आणि मानेला झटका देताना मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या केसेस आहेत, क्वचित आहेत पण आहेत. त्यांच्या मानेला झटका नको. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर मान वर करून विरळणी केली असेल तर मान दुखणारच, शेक द्या, मध्ये मध्ये सावलीत बसवा. हाताला मुंग्या किंवा चालताना तोल जात असेल तर आधी ऑर्थोला दाखवा.

तुम्ही स्वतः झोपून राहू नका, रोज दोनदा बांधावरनं चक्कर मारा, दुखेल पण चालेल. ट्रॅक्टर आठवडाभर भावाकडं द्या. आणि आज संध्याकाळी टाचांवर दहा पावलं चालून बघा, एका पायाचा चवडा खाली पडत असेल तर वर सांगितलं तसं लगेच मोठ्या दवाखान्यात, मग सिटिंगचं बोलणंच नको.