तिसऱ्या प्रयत्नाचा क्लास राहू द्या, तिची वही बघा

पत्रातला मजकूर, थोडक्यात: निलंगा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलीनं बारावीला पीसीएमबी घेतलं, गणित फक्त सेफ्टी म्हणून ठेवलं होतं. नीटचे दोन प्रयत्न झाले, आधी 398, मग 431. लातूरला रूम, मेस, क्लास, यापायी दीड एकर विकलं. आता म्हणते तिसऱ्यांदा बसत नाही, बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेते आणि पुढं वैद्यकातल्या आकडेवारीचं काम करते. अभ्यास सोडून वहीत क्लासच्या टेस्टचे आलेख काढते. वर मलाच सांगते, क्लासची सरासरी वाढली ती शिकवण्यामुळं नाही, कच्ची पोरं सोडून गेली म्हणून. महिना झाला, घरात बोलत नाही, एक वेळ जेवते, रात्री जागी असते. फोन काढून घेतला तरी फरक नाही. डॉक्टरकी सोडून कारकुनी करायचं हे खूळ कसं काढावं? तिसऱ्या प्रयत्नाला लातूर बरं की कोटा, तेही कळवा.

उत्तर:

क्लासचं नाव मी कळवणार नाही. तुमच्या मूळ पत्रात दीड एकराचा उल्लेख चार ठिकाणी आहे. लेकरू महिनाभर एक वेळ जेवतंय आणि रात्र रात्र जागं आहे, हे मात्र एका ओळीत उरकलंय, तेही फोनच्या तक्रारीच्या ओघात. मला काळजी वाटली ती याच ओळीची. 431 मार्कांची नाही.

आधी तिचा फोन परत द्या. मग 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर तिलाही द्या आणि स्वतःही लावा. तो सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आठवड्याभरात तिला मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. 'वेड लागलंय का' असं पाहुण्यांतलं कुणी म्हणेल, म्हणू द्या. झोप उडणं, जेवण तुटणं, बोलणं बंद होणं या तीन गोष्टी एकत्र महिनाभर टिकल्या की तो प्रकृतीचा प्रश्न असतो. प्रवेशाचा विषय त्यानंतर.

आता जमिनीचं. विकायचं ठरवलं तुम्ही. ती तेव्हा अकरावी-बारावीतली पोर होती, खरेदीखतावर तिची सही नव्हती. आता ते दीड एकर रोज तिच्या ताटात वाढलं जात असेल तर ती जेवणार कशी? 'पाहुण्यांत काय तोंड दाखवू' असंही तुम्ही लिहिलंय. पाहुणे चहा पिऊन आपल्या गावी जातात, रात्री दोन वाजता जागी ती असते. शिवाय गेलेले पैसे तिसऱ्या प्रयत्नानं परत येत नाहीत, आणखी जातात. खत-बियाण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला हे मी सांगायला नको. बुडीत उधारी वसूल व्हावी म्हणून त्याच गिऱ्हाइकाला तुम्ही आणखी माल देता का?

नीटच्या प्रयत्नांना मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही. म्हणजे थांबायचं कुठं, हे घरातच ठरवावं लागतं. तिनं ठरवलंय.

आता त्या वहीकडं येतो. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत, मी खुर्चीतून उठलो. क्लासची सरासरी का वाढली, हे क्लासवाल्यानं सांगितलं नसणार आणि फ्लेक्सवर तर येणारच नाही. कोण उरलं आणि कोण गळालं हे पाहिल्याशिवाय सरासरीवर विश्वास ठेवू नये, हे या पोरीनं कुणी न शिकवता ओळखलं. वैद्यकीय संख्याशास्त्राचा एक मोठा भाग नेमका याच प्रश्नावर उभा आहे.

तुमचा गैरसमज असा की हे काम म्हणजे कारकुनी: आकडे भरायचे, बटण दाबायचं, उत्तर घ्यायचं. एक हिशेब करून पाहा. समजा एका दवाखान्यानं दहा रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं. एक तिसऱ्या महिन्यात दगावला, एक नवव्या महिन्यात. तिघं पाचव्या महिन्यात ऊसतोडीला निघून गेले, पुढं त्यांचा पत्ता नाही. वर्षात दगावण्याचं प्रमाण किती? दहात दोन, म्हणजे 20 टक्के म्हणालात तर ते तिघं वर्षभर जगले असं तुम्ही परस्पर धरून चाललात. त्यांना यादीतून खोडलंत तर सातात दोन, जवळपास 29 टक्के. मग पाच महिने ते जिवंत होते ही पक्की माहिती पाण्यात गेली. कॅप्लान आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये रीत मांडली ती अशी: प्रत्येक मृत्यूच्या वेळी नजरेसमोर किती होते तेवढेच मोजा. तिसऱ्या महिन्यात दहा होते, नऊ वाचले. नवव्या महिन्यात सहा होते, पाच वाचले. नऊ दशांश गुणिले पाच षष्ठांश, म्हणजे जगण्याची शक्यता 75 टक्के, दगावण्याची 25. इथपर्यंत कॉम्प्युटर क्षणात करतो, कबूल. पण ऊसतोडीला जातो कोण? ज्याच्या अंगात कोयता चालवायची ताकद आहे तो. खंगलेला घरीच राहतो. मग गेलेले तिघं उरलेल्यांपेक्षा धडधाकट असण्याचीच शक्यता जास्त, आणि 25 हा आकडाही खऱ्यापेक्षा चढा असू शकतो. हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ज्याला कोयता ठाऊक आहे आणि गणितही येतं, त्याला ते दिसतं. वय, साखर, वजन, तंबाखू हे सगळं एकत्र धरून कुणाचा धोका किती पट, हे काढायचं मॉडेल डेव्हिड कॉक्स यांनी 1972 मध्ये दिलं. कॅन्सरच्या औषधांचे निकाल आजही बहुतेक त्याच भाषेत मांडले जातात.

आणि हे काम फक्त परदेशात चालतं असंही नाही. 1982 पर्यंत तुमचा लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होता, आजचा धाराशिव, तिथं 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. त्यांची वाटणी एकेक बाई धरून केली नव्हती. गावांचे 52 गट पाडले आणि अख्खे गट चिठ्ठी टाकावी तसे चार वाट्यांत दिले: तीन वाट्यांना तीन वेगळ्या तपासण्या. चौथा वाटा तुलनेसाठी नेहमीच्याच उपचारांवर ठेवलेला. एका गल्लीत दोघींना दोन वेगळ्या तपासण्या दिल्या तर गोंधळच व्हायचा. पण गट वाटले की हिशेब अवघड होतो. एका गावातल्या बायका राहणीनं, लग्नाच्या वयानं एकमेकींसारख्या असतात. सव्वा लाख बायकांकडून सव्वा लाख सुट्या साक्षी मिळत नाहीत, आणि मॉडेलमध्ये ते धरलं नाही तर निकाल उगाच ठाम दिसतो. 2009 मध्ये निकाल छापून आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन तपासण्यांनी तसा ठळक फरक दाखवला नाही. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर पुढं टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. असल्या अभ्यासात किती बायका घ्यायच्या, कुठं थांबायचं, गट कसे पाडायचे, हे संख्याशास्त्रज्ञाशिवाय ठरत नाही. याला कारकुनी म्हणणार असाल तर म्हणा.

गोड तेवढंच सांगणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर यात फार काही हाती लागत नाही, एम.एस्सी. लागतेच. वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक विभागात संख्याशास्त्रज्ञाची जागा असते, पण एखादीच. संशोधन प्रकल्पांतली पदं बहुतेक कंत्राटी. औषधचाचण्यांच्या कंपन्यांचं काम पुणे, बेंगळुरू, हैदराबादला. तिथं सॅस किंवा आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर यायलाच हवीत आणि इंग्रजीत अहवाल लिहिता यायला हवा. निलंग्यात बसून हे होणार नाही, आणि दारावर 'डॉ.'ची पाटीही लागणार नाही, निदान पीएच.डी. होईपर्यंत.

तिलाही एक प्रश्न आहे, तो तिला वाचून दाखवा. आलेख काढायला मजा येते, पण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच संभाव्यता, मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस सुरू होतं. जरा बरं वाटायला लागलं की बारावीचं कॅल्क्युलस आणि संभाव्यतेचं प्रकरण काढून महिनाभर रोज तासभर सोडवून बघ. कंटाळा आला तर समजायचं की नीटपासून पळायला हे एक दार सापडलं होतं. त्यात लाज नाही, मग दुसरं दार शोधू.

पुढच्या वाटा नेहमीच्याच: एम.एस्सी.ला नांदेड, संभाजीनगर किंवा पुण्याचं विद्यापीठ. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स (वैद्यकातलं संख्याशास्त्र) आणि डेमोग्राफी (लोकसंख्याशास्त्र). यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस. कोलकात्याच्या आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीची प्रवेश परीक्षा अवघड आहे, पण तिला बारावीचं गणित लागतं. तुम्ही जे 'सेफ्टी' म्हणून ठेवलंत तेच इथं कामाला येतंय. नीटसाठी गणित सोडलेल्या पोरांना हे दार बंद असतं.

कॉलेज निवडताना नावावर जाऊ नका. संख्याशास्त्र तिन्ही वर्षं मुख्य विषय म्हणून मिळतं का, शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का की तासिका तत्त्वावर गाडा चाललाय, प्रॅक्टिकलला कॉम्प्युटर सुरू असतात का, हे तिथं जाऊन विचारा. जाताना तिला सोबत न्या आणि हे तिलाच विचारू द्या. फी किती, तेवढं तुम्ही विचारा.