सोयाबीनवरील पिवळा मोझॅक: औषध शोधू नका, झाड उपटा

प्रश्न (अमळनेर तालुका): सोयाबीन 35 दिवसांचे असून शेजारी कपाशी आहे. अधूनमधून झाडे पिवळी पडत आहेत. दुकानदाराने टॉनिक, लोह आणि दोन कीटकनाशके एकाच पंपात फवारण्यास सांगितले आहे. फवारावे का?

उत्तर: हे मिश्रण फवारू नये. पिवळा मोझॅक हा पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग आहे आणि विषाणू मारणारे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आधी झाड नीट पाहावे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत पाणी साचल्यावर सखल पट्ट्यातील झाडांची शेंड्याची पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असून वाफसा आल्यावर पीक बहुधा सावरते. पिवळ्या मोझॅकची झाडे मात्र सुरुवातीला विखुरलेली दिसतात आणि त्यांच्या पानांवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची सरमिसळ असते. झाड हलवताच पानांखालून पिठासारखी पांढरी माशी उडून पुन्हा तिथेच बसली, तर पिवळ्या मोझॅकची शंका बळावते. पाने सुरकुतून कडा खाली वळल्या असतील, तर तो माव्यामार्फत पसरणारा सोयाबीन मोझॅक असू शकतो. तो बियाण्यातूनही येतो, म्हणून अशा शेतातील बियाणे पुढील वर्षासाठी राखू नये.

रोगट झाड दिसेल त्या दिवशी मुळासकट उपटून, तिथेच पोत्यात भरून शेताबाहेर पुरावे. बांधावर टाकलेल्या झाडावरची माशी पुन्हा पिकावरच येते. हे काम मजुरीचे वाटते म्हणून टाळले जाते आणि त्याहून महाग बाटल्या आणल्या जातात, हे मी दर खरिपात पाहतो. सोबत एकरी 10 पिवळे चिकट सापळे लावावेत.

माशी जास्त असेल तरच थायामेथोक्झाम 12.6 टक्के अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 9.5 टक्के हे संयुक्त कीटकनाशक एकरी 50 मिली, 200 लिटर पाण्यातून, म्हणजे 10 लिटरला अडीच मिली फवारावे. दुकानदार "पंपाला टोपणभर" म्हणेल. टोपणाने मोजू नये. दुप्पट मात्रेने माशी दुप्पट मरत नाही, पाने मात्र करपू शकतात. त्यात टॉनिक मिसळू नये, आणि तेच औषध दर आठवड्याला मारू नये, कारण त्याला सरावलेली माशी नंतर आटोक्यात येत नाही. निम्मे शेत पिवळे झाल्यावर केलेली फवारणी निव्वळ खर्च आहे.

पुढील हंगामात पेरणीपूर्वी थायामेथोक्झाम 30 एफएस हे बीजप्रक्रियेचे कीटकनाशक किलोभर बियाण्याला 10 मिली या प्रमाणात चोळावे. बुरशीनाशक त्याआधी आणि रायझोबियम हे जिवाणू खत सर्वांत शेवटी.

अशा रोगाच्या नुकसानीसाठी पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, एकट्याच्या शेतावर नाही.