कडी आतून हवी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एका कार्यालयात तेरा जणांचा विभाग सांभाळतो. आमची एक सहकारी पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवरून परत येतेय. बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल. परवा फोनवर तिने चाचरत विचारलं, "सर, दूध काढायला कुठे जागा मिळेल का?" मी "बघू" म्हणालो, कारण खरंच काही सुचलं नाही. आमच्याकडे रिकामी खोली नाही. तिचं काम आपल्यावर पडणार म्हणून दोघांची कुरकुर आत्ताच सुरू झालीय. जेवणाच्या सुट्टीत एकदा दूध काढलं तर भागणार नाही का? आणि पुरुषाने हा विषय बोलावा तरी कसा?

उत्तर : दादा, एकदा काढून भागणार नाही. हे आधीच सांगते, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते.

बाळ दोन-तीन तासांनी पितं, त्याच अंदाजाने छाती भरून येते. दूध वेळेवर निघालं नाही तर आधी ठणका लागतो, मग गाठी होतात आणि कधी कधी थंडी वाजून तापही येतो. रोज असं तटत राहिलं की एवढ्या दुधाची गरज नाही असं शरीर धरून चालतं आणि दूध आटायला लागतं. आठ तासांच्या कामात दोन-तीन वेळा, दर वेळी वीसेक मिनिटं आणि वर पंप धुवायला पाच, असा हिशेब धरा.

आता जागेचं. बावीस वर्षांपूर्वी बाळ चार महिन्यांचं असताना मी कामावर रुजू झाले, तेव्हा मला जुन्या फायलींची खोली दाखवली होती. दाराला कडी नव्हती. एका हाताने पंप चालवायचा आणि एक पाय लांब करून दार दाबून ठेवायचं. बाहेर पावलं वाजली की अंग आक्रसायचं आणि दुधाची धार तिथल्या तिथे थांबायची. घरी पंधरा मिनिटांत बाटली भरायची, इथे अर्ध्या तासात जेमतेम तळ झाकायचा. गाय पान्हा चोरते म्हणतात, तसंच. शरीरातल्या ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो आणि भीतीने, अवघडलेपणाने तेच अडतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर आपल्यालाच दूध कमी, असं म्हणत मी रडत होते. एकदा बैठक लांबली, उठायचा धीर झाला नाही आणि कपड्यांवर दोन ओले डाग उमटले. उरलेला दिवस मी एक फाइल छातीशी धरून काढला. हिरव्या रंगाची होती ती.

म्हणून मोठी खोली शोधत बसू नका. खुर्ची, छोटं टेबल आणि पंपासाठी सॉकेट मावेल एवढा कोपरा पुरतो. छोटी बैठकीची खोली ठरल्या वेळी तिच्यासाठी राखून ठेवली तरी चालेल. काचेला कागद लावा. पण कडी आतून हवी, यात तडजोड नको. आणि स्वच्छतागृह सुचवू नका, ते बाळाच्या पोटात जाणारं अन्न आहे. हात धुवायला पाणी जवळ असावं. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. फ्रिजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला एक कप्पा तिला द्या.

वेळेचं तर जागेहूनही महत्त्वाचं. दर वेळी तुमच्या टेबलाशी येऊन "सर, जाऊ का?" असं तिला विचारायला लावू नका. चार दिवस विचारेल, पाचव्या दिवशी गप्प बसेल आणि महिन्याभरात पाजणं सुटेल. तिच्या वेळा आधीच वेळापत्रकात घाला, त्या वेळी बैठक ठेवू नका.

कुरकुर करणाऱ्यांना सांगा, ही तुमची मेहेरबानी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९च्या करारातच पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास दिलेला आहे. २०००च्या करारानुसार ही सुट्टी कामाचाच वेळ धरायची आणि तिचा पगारही द्यायचा. तरीही त्या दोघांची अडचण खोटी ठरवू नका. त्या वीस मिनिटांत फोन कोण घेणार, हे तुम्ही ठरवून द्या. ते त्यांच्यावर सोडलंत तर राग तिच्यावर निघेल.

राहिलं बोलण्याचं. "दूध काढणं" हेच शब्द वापरा. "ते तुमचं" म्हणालात की तीही लाजेल आणि तुम्हीही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ती येईल तेव्हा बाळ पूर्णपणे दुधावरच असणार. तिला आजच फोन करा आणि विचारा, "बाळ किती वाजता पितं? त्याप्रमाणे वेळा लावून ठेवतो." सुतारालाही आजच बोलवा.