पिल्लू चावतंय? चापट नको, खेळ थांबवा

प्रश्न : आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. हात, घोटे, ओढणी, जे दिसेल त्याला दात लावतं. सात वर्षांचा मुलगा पळाला की आणखीच मागे लागतं. नाकावर चापट मारा, असं सगळे सांगतात. मारावी का?

उत्तर : मुळीच नाही. मारलं की ते एकतर खेळ समजून जोरात चावतं, नाहीतर हाताला बिचकायला शिकतं. आणि बिचकणारं कुत्रं मोठेपणी खरोखर चावू शकतं. तोंड दाबून धरू नका, तेही याच कारणासाठी.

चावा किती हलका ठेवायचा हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. म्हणून आठ आठवड्यांच्या आत आईपासून दूर केलेली पिल्लं बरेचदा जास्त जोरात चावतात. उरलेला धडा आता तुम्ही द्यायचा.

दात लागले की हात झटक्याने ओढू नका. हलणारी वस्तू पकडायला त्याला आवडतंच. हात सैल सोडा आणि दुसऱ्या हाताने लांब दोरीचं खेळणं पुढे करा. ते पकडलं की लगेच शाबासकी. पुन्हा हाताकडेच वळलं, तर न बोलता उठून २०-३० सेकंद दाराआड जा, मग परत येऊन खेळ सुरू करा. दहा मिनिटं कोंडून उपयोग नाही, तोवर कशामुळे खेळ थांबला हे ते विसरलेलं असतं. ‘आई गं!’ असं ओरडल्यावर काही पिल्लं थांबतात, काहींना मात्र चेव येतो; तुमचं कोणतं ते पाहा. घरातला एक जण जरी हाताने कुस्ती खेळत राहिला, तरी सगळी मेहनत वाया जाते.

मुलाला पळण्याऐवजी हाताची घडी घालून स्तब्ध उभं राहायला शिकवा. तोवर दोघांना एकटं सोडू नका.

संध्याकाळी पिल्लू फारच धिंगाणा घालत असेल, तर त्याची झोप मोजा. या वयात दिवसाला १८-२० तास झोप लागते. तासभर जागं राहिलं की शांत कोपऱ्यात झोपवा. निम्मं चावणं तिथेच कमी होईल.

रक्त आलं किंवा साधा ओरखडा उठला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरचं पिल्लू आहे म्हणून रेबीजची शंका सोडून देऊ नका. पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस देतात; तारीख पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.

प्रश्न : चार महिन्यांचं पिल्लू सोफा कुरतडतंय. जुनी चप्पल दिली तर चालेल?

उत्तर : नको. जुनी आणि नवी चप्पल यातला फरक त्याला कळत नाही. दुधाचे २८ दात आता पडू लागतात, त्याने हिरड्या शिवशिवतात. ओलं सुती फडकं पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये गोठवा आणि समोर बसून चघळायला द्या. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांचे टोकदार तुकडे होऊन घशात किंवा आतड्यात रुततात. सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात आणि ही शिवशिव थांबते.