गोल बुडाची लोखंडी कढई इंडक्शनवर चालेल का?

नाही, सपाट काचेच्या शेगडीवर सपाट बुडाचीच कढई घ्या. गोल बूड जेमतेम रुपयाएवढ्या जागेवर टेकतं, बाकी सगळं अधांतरी. मग इंडक्शन एकतर भांडं ओळखतच नाही, नाहीतर मधोमध तेवढंच करपतं आणि कढई डुगडुगते. आम्ही इंदूरकर भुट्ट्याचा कीस (दूध घालून शिजवलेला किसलेला मका) अर्धा-अर्धा तास परततो. तिथे कढई हलली की उकळतं दूध थेट हातावर. खाली लोखंडी कडं ठेवा असं कोणी सांगेल, ऐकू नका: इंडक्शनवर आधी ते कडंच तापतं, विजेच्या साध्या काचेच्या शेगडीवर उष्णता कोंडते.

राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. बुडाला घट्ट चिकटलं तर घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या कढईला चिकटणार नाही. (दुकानदार हसेल, हसू दे.) घरी रिकामी कढई २००० वॉटवर ठेवू नका, पातळ पत्रा वाकतो; आच मध्यम ठेवून सुरू करा. बीडाची जड कढई काचेवरून ओढू नका, उचलून ठेवा.

अपवाद एकच: कढईसाठीच बनवलेलं खोलगट काचेचं इंडक्शन. त्यावर मात्र गोल बूडच हवं.