चाल कुणाची, ठेका कुणाचा

प्रिय मावशी,

मी मिरजेचा, वय 27. आम्ही चौघं कॉलेजपासून एकत्र वाजवतो. मी गिटार, एक मित्र गातो आणि गाणी लिहितो, एक तबला, एक कीबोर्ड. सतारमेकर गल्लीत एका कारखान्याच्या माडीवर सात वर्षं आमची प्रॅक्टिस चालते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला एक चाल सुचली. ती फोनवर गुणगुणून मी गायक मित्राला पाठवली आणि त्याने त्यावर शब्द लिहिले. आधी आम्ही ते केरवा तालात वाजवत होतो, जमत नव्हतं. रूपकमध्ये बसवल्यावर त्याचं गाणं झालं. गेल्या हिवाळ्यात पुण्याला स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं. 38 हजार खर्च आला, तो सगळा गायक मित्राने केला. गाणं बाहेर आलं तेव्हा खाली लिहिलं होतं ‘गीत-संगीत’ आणि पुढे त्याचं एकट्याचं नाव. मी वाजवलेली गिटारही त्यात नव्हती, ती दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेतली होती. आता एका लघुपटवाल्याने गाणं मागितलंय. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले, मी काही लिहिलं नाही. तीन महिने प्रॅक्टिसला गेलेलो नाही. माझे बाबा आजारी होते तेव्हा याच मित्राने दवाखान्यात रात्री काढल्या. ओळखीचा वकील म्हणतो नोटीस पाठव. आई म्हणते, नावात काय आहे? मी बँड सोडू का?

— एक गिटारवाला

बाळा,

नोटीस पाठवू नकोस, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी. आणि आईला माझा नमस्कार सांग, पण नावात बरंच काही असतं हेही सांग.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नाव, पैसे, लघुपट याबद्दल तू ऐसपैस लिहिलंयस. गिटारबद्दल एकच वाक्य आहे, तेही जाता जाता. मला वाटतं तुला खरं तिथे लागलंय. नाव गळलं तर माणूस म्हणू शकतो की घाईत राहिलं असेल. आपण वाजवलेलं काढून त्या जागी दुसऱ्याचे हात बसवले, आणि ते आपल्याला गाणं ऐकताना कळलं, तर त्याची समजूत कशी घालायची? तुझं तीन महिन्यांचं गप्प बसणं मला त्यामुळे कळतं. पण ते बरोबर वाटत नाही. त्याचं कारण माझ्याच आयुष्यात आहे, म्हणून सांगते.

मी अकरा वर्षं एका ऑर्केस्ट्रात पेटी वाजवली. लग्नाच्या वराती, गणपती, शाळांची गॅदरिंग, जत्रा, सगळं केलं. 1986 साली आमची एक कॅसेट निघाली. त्यातल्या दोन गाण्यांचे अंतरे मी बांधले होते. कव्हरवर संगीत म्हणून एकच नाव आलं, ऑर्केस्ट्राच्या मालकांचं. मी एक अक्षर बोलले नाही. घरच्या अडचणी सांगून चार महिन्यांनी सोडलं. पुढे वीस-बावीस वर्षांनी ते एका लग्नात भेटले. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तू का गेलीस गं? मी किती दिवस विचार करत होतो.’ त्यांना खरंच माहीत नव्हतं. ऑर्केस्ट्राला त्यांचंच नाव होतं, त्यामुळे कव्हरवर आपलं नाव म्हणजे सगळ्यांचं नाव असं ते धरून चालले होते. त्यांचं चुकलंच, आजही मी तसंच म्हणते. पण इतकी वर्षं मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि त्या भांडणाचा त्यांना पत्ताच नव्हता. तुझ्या मित्राला पत्ता आहे का? ग्रुपवर अंगठा न दिल्याने तो कळत नाही.

आता कायद्याचं बघू, म्हणजे वकिलाच्या बोलण्याने तुझ्या डोक्यात जे फिरतंय ते जागेवर बसेल. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या लेखी गाणं ही एक वस्तू नसते. शब्द वेगळे, चाल वेगळी, आणि रेकॉर्डिंग ही तिसरी गोष्ट. शब्द मित्राचे आहेत, त्यात वाद नाही. रेकॉर्डिंगचा हक्क ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली त्याच्याकडे जातो. स्टुडिओ ठरवून 38 हजार भरणाऱ्या तुझ्या मित्राची बाजू तिथे भक्कम आहे, हे तू मान्य कर. पण रेकॉर्डिंगचा खर्च केला म्हणून चाल विकत घेतली, असं होत नाही. चालीचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तू कुठे सही केलेली नाहीस. हक्क मिळायला नोंदणी करावीच लागते असंही नाही. चालीवरचा हक्क बांधणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. शिवाय हक्क विकून टाकला तरी ‘ही माझी रचना आहे’ असं सांगण्याचा अधिकार कायदा रचनाकाराकडेच ठेवतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या कायद्यानेच दिलंय बघ.

फोनवर गुणगुणून पाठवलेली ती चाल जपून ठेव. कापू नकोस, नवीन फोन घेतलास तर आधी ती उतरवून घे. तारखेसकट आहे तशी राहू दे. पुरावा म्हणून ती आहेच, पण माझ्या मनात तिचा दुसरा उपयोग आहे, तो पुढे सांगते.

त्याआधी एक कडू गोष्ट. तुझ्याच पत्रातलं वाक्य परत वाच: ‘रूपकमध्ये बसवल्यावर त्याचं गाणं झालं.’ बसवलं कुणी? तू लिहिलेलं नाहीस. तुमच्यात तबला वाजवणारा एकच आहे, म्हणून मी त्याचंच नाव धरते. केरव्याच्या आठ मात्रांतली ओळ सात मात्रांत आणायची म्हणजे नुसता ठेका बदलून भागत नाही. एक मात्रा कमी होते, शब्द कुठे तुटायचा ते बदलतं, श्वासाची जागा बदलते, आणि रूपकची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ची म्हणजे बिनजोराची असल्यामुळे ओळ जमिनीवर आपटायच्या ऐवजी अलगद उतरते. हे काम मी केलेलं आहे म्हणून त्याची किंमत मला माहीत आहे. तू मित्राला विचारणार आहेस की माझं नाव कुठे गेलं. तोच प्रश्न तबलेवाला तुला विचारू शकतो. तो कधी विचारणार नाही, ‘जाऊ दे रे’ म्हणेल, म्हणून तर तूच आधी विचारायला हवं.

हा वाद जगाला नवा नाही. इंग्लंडमध्ये प्रोकोल हॅरम नावाचा बँड होता. ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ या त्यांच्या 1967 सालच्या गाण्यात सुरुवातीपासून ऑर्गन वाजतो, आणि लोकांना तो ऑर्गनच आधी आठवतो. गाण्यावर नावं मात्र गायक-संगीतकार आणि गीतकार या दोघांचीच होती. ऑर्गन वाजवणारे मॅथ्यू फिशर 2005 साली कोर्टात गेले. 2006 मध्ये खालच्या कोर्टाने संगीतात त्यांचा 40 टक्के वाटा धरला. मधल्या कोर्टात त्यांचा पैशांतला वाटा गेला, आणि 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, तो परत दिला. पण तो दावा लावल्यापासून पुढचा. मागच्या 38 वर्षांचं काही मिळालं नाही. कायदा तिकडचा आहे, आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. मला दिसतं ते इतकंच, की प्रॅक्टिसच्या खोलीत पाच मिनिटांत बोलून घेण्यासारखी गोष्ट त्या माणसांना म्हातारपणी न्यायाधीशांसमोर बोलावी लागली.

आता स्टुडिओ. मला एक सांग, क्लिक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारी टिकटिक, कशावर लावला होता? बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर नवीन फाइल उघडली की क्लिक आपोआप चारच्या हिशोबाने वाजतो, दर चौथ्या ठोक्यानंतर एक जोरकस टिक. तुमचं गाणं सात मात्रांचं. म्हणजे पहिल्या आवर्तनात जोर पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर येणार, दुसऱ्यात दुसऱ्या आणि सहाव्या, तिसऱ्यात तिसऱ्या आणि सातव्या. कानात हेडफोनमधून हे चालू असताना सरळ वाजवून दाखवणं चांगल्या चांगल्यांना जड जातं. तबलेवाल्याचे हात सवयीने तरून जातात, गिटारवाला गडबडतो. मी तिथे नव्हते, पण असं झालं असेल तर तुझी गिटार तू कच्चा म्हणून गेली नाही. पुढच्या वेळी तुम्हीच सांगा, क्लिक सातवर लावा नाहीतर जोर काढून टाका. आधी गाण्याचा कच्चा ट्रॅक तबल्यासकट घ्या आणि त्यावर वाजवा.

यामुळे मित्राची चूक माफ होत नाही. टेक जमला नव्हता तर रात्री एक फोन करायचा होता. ‘गिटार बसत नाहीये, परत येतोस का, की दुसऱ्याकडून घेऊ?’ इतकं विचारायला किती वेळ लागतो? बहुतेक तो घाबरला. पुढच्या शिफ्टचे पैसे डोळ्यांसमोर होते, आणि तुला वाईट वाटेल ते तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. दवाखान्यात रात्री जागणारी माणसंही असल्या वेळी कच खातात. मी पाहिलंय.

म्हणून आधी तुम्ही दोघंच भेटा. चौघं नको, फोन नको, ग्रुप तर अजिबात नको. त्या माडीवर भेटा, जिथे खाली तंबोऱ्याची जवारी काढण्याचा, म्हणजे घोडी घासून सूर लावण्याचा, आवाज येत असेल. पहिल्या भेटीत नावाचा विषय काढू नकोस, लघुपटाचाही नाही. फक्त म्हण, ‘माझी गिटार काढल्याचं मला गाणं ऐकून कळलं. ते तू मला सांगायला हवं होतंस.’ आणि मग थांब. त्याला बोलू दे, मध्ये तोडू नकोस. तो स्टुडिओचं कारण सांगेल, ते ऐकून घे. तो रडला तर तूही रड, त्यात काही जात नाही.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी चौघं बसा. तेव्हा फोनमधली ती गुणगुण सगळ्यांना ऐकव. पुरावा टाकल्यासारखी नको, आपण कुठून निघालो ते आठवायला. मग तबलेवाल्याला केरवा आणि रूपक दोन्ही वाजवून दाखवायला सांग. कीबोर्डवाल्याने कुठे काय घातलं तेही येऊ दे. आणि एका वहीत लिहून काढा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, बांधणीत कोण कोण, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला. प्रत्येक गाण्याला एक पान, खाली चौघांच्या सह्या आणि तारीख. पैशाचं माझं मत विचारशील तर जे येईल त्यातून आधी त्याचे 38 हजार फेडा, अगदी शेवटच्या रुपयापर्यंत, आणि मग वाटणी करा. तुझ्या पत्रात त्या पैशांचा उल्लेख तक्रारीच्या सुरात आहे. सत्तावीस वर्षांच्या मुलाने साठवलेले 38 हजार मित्रांच्या गाण्यावर घातले, याबद्दल त्याला कुणी तोंडाने शाबासकी दिली का?

काही बँड हिशोबच ठेवत नाहीत. अमेरिकेतल्या आर.ई.एम. या बँडमधल्या चौघांनी आपली गाणी चौघांच्या नावावर ठेवली, चाल कुणालाही सुचलेली असो. मला ती पद्धत आवडते, पण ती सर्वांनी मनापासून मान्य केली तरच. तू मनातून चाल माझीच म्हणत राहणार असशील तर चार नावं लिहू नका. खरं असेल ते लिहा.

गाण्याखालची नावं दुरुस्त करता येतात, त्यासाठी गाणं काढून टाकावं लागत नाही. जिथून चढवलं तिथे गीतकार आणि संगीतकाराचे रकाने वेगळे असतात. मला दाट शंका आहे की रात्री दोन वाजता एकट्याने फॉर्म भरताना त्याने सगळीकडे आपलंच नाव टाकलं. गाणं बंद पाडायची तक्रार मात्र कुठे करू नकोस. त्यात चौघांचं नुकसान आहे.

लघुपटवाल्याला तोंडी होकार देऊ नका. त्याला शब्द आणि चाल यांची परवानगी लागेल, रेकॉर्डिंगचीही वेगळी लागेल, म्हणजे तुझी सही लागणारच. कागदावर किती वर्षांसाठी आणि कुठे कुठे दाखवायला ते लिहून घ्या. हक्क देण्याच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, ठिकाण लिहिलं नसेल तर भारतापुरतं. गाणं चाललं तर गीतकार आणि संगीतकार म्हणून दोघांनी आयपीआरएसचं सभासदत्व घेण्याचा विचार करा. 1969 पासूनची संस्था आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी तीच गोळा करते.

बँड सोडू का, असं तू विचारलंस. या दोन भेटी होण्याआधी नको. भेटीत तो म्हणाला की पैसे माझे, म्हणून गाणं माझं, तर मात्र सोड. आपली चाल लेखी मागून घेऊन सोड, आणि तेव्हा वकिलाकडे जायलाही माझी ना नाही. दवाखान्यातल्या रात्रींचं ऋण चालीने फेडायचं नसतं. ते त्याच्या घरी कुणी आजारी पडेल तेव्हा फेडशील.

पण आज संध्याकाळी पहिला फोन त्याला करू नकोस. तबलेवाल्याला कर. त्याला विचार, रूपक कुणाला सुचला होता. उत्तर तुला माहीत आहे, तरी विचार. आणि सांग त्याला, की मावशीला पत्र लिहिताना तुझं नाव माझ्याकडून राहिलं.

— मावशी