गावच्या शाळेत शरीरक्रिया शिकवायला जाताना सोबत काय न्यावं?

तुम्ही विचारलंय की एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहात, भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना शरीर कसं चालतं ते शिकवायचंय, तर प्रोजेक्टर न्यावा की मॉडेल?

दोन्ही नेऊ नका. प्रोजेक्टर लावला की लाइन जाते. प्लॅस्टिकच्या हृदयाचे तुकडे मोजून परत घेण्यातच तास संपतो. मी मेडिकल कॉलेजात हाच विषय शिकवतो, अधूनमधून अशा शाळांत जातो. सेकंदकाट्याचं घड्याळ आणि खडू, एवढं पुरतं.

सुरुवात नाडीपासून करा. मुलं हमखास अंगठ्याने दाबतात. अंगठ्याला स्वतःचेच ठोके जाणवतात, म्हणून मधली बोटं ठेवायला लावा. तीस सेकंद मोजून दुप्पट. मग एखाद्याला फळ्याजवळ बोलवा आणि सगळ्यांसमोर पुन्हा मोजा. चार पावलं चाललेला पोरगा, पण ठोके चांगलेच वाढलेले असतात. वर्ग हसतो. तिथेच अ‍ॅड्रेनालिन या संप्रेरकाचं सांगून टाका; भीती वाटली की हृदयाला आधीच वर्दी जाते. त्यानंतर वीस उठाबशा, आणि दर मिनिटाला आकडा फळ्यावर. नाडी उतरत जाते तो आलेख मुलं स्वतःच काढतात. एका पोराने मला विचारलं होतं, "सर, झोपल्यावर नाडी थांबते काय जी?" मी त्याला रात्री आजीची नाडी मोजायला सांगितलं.

पण उठाबशांआधी एक काम विसरू नका. तुमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. अशा मुलाला जास्त दमवलं किंवा पाणी कमी पडलं तर वेदनांचा झटका येऊ शकतो. शिक्षकांना आधी बाजूला घेऊन विचारा, आणि त्या मुलाच्या हाती घड्याळ द्या, म्हणजे कुणाला कळतही नाही. वर्गात सुई काढू नका, रक्तगटाचीसुद्धा नको. सिकलसेल कसा होतो ते जरूर शिकवा: आईबाप दोघेही वाहक (म्हणजे अंगात दोष, पण स्वतःला आजार नाही) असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता 25 टक्के. मात्र कोण वाहक आहे ते वर्गात फुटलं तर उद्या मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते.

दुसरा विषय घाम. मनगटावर पाणी लावून वहीने वारा घालायला सांगा. मे महिन्यात कूलर गारवा देतो आणि पावसाळ्यात नुसती चिकचिक करतो, हे आपल्याकडच्या मुलांना पाठ असतं. घामाचंही तसंच. तो अंगावरून वाळला तरच उष्णता नेतो. एक लिटर घाम वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, उपयोग शून्य. इथून उष्माघातावर यायला वेळ लागत नाही, आणि 45 अंशांत बाप शेतावर असलेली मुलं तो भाग कान देऊन ऐकतात.

दिवाळी-उन्हाळ्यात जाऊ नका, शाळाच बंद असते. रोवणी आणि धानकापणीच्या दिवसांत हजेरी घटते. 26 जानेवारी उरकल्यावरचा एखादा शनिवार धरा. शाळा सकाळची असते, म्हणून मुख्याध्यापकांना आधीच्या आठवड्यात भेटून दोन तास सलग मागून घ्या.